बेळगाव ते लंडन, आई-बाबांना पाठवायच्या आधी

ताईच्या बाळंतपणाला आई-बाबा पहिल्यांदाच लंडनला चाललेत, पंधरा दिवस घरात तीच गडबड आहे, आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे बरेच आईवडील असे पोरांकडं जातात म्हणून लिहून ठेवतोय.

आधी वेळेचा हिशोब करा आणि तो घरच्या दारापासून करा. मुंबई-लंडन सरळ रेषेत सुमारे 7200 किमी, विमानाला 10 तासांच्या आसपास, एवढंच बघून माणूस निवांत राहतो. पण आपल्याला मुंबईच जवळजवळ 500 किमी! रात्री 9 ची स्लीपर, सकाळी 7-8 ला मुंबई, विमानाच्या 3 तास आधी टर्मिनल 2, दुपारी दीडचं विमान, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, मग गाडी. टिळकवाडीतून ताईच्या घरापर्यंत 29 तास धरलेत मी. पावसाळा असला तर एक दिवस आधीच जावा आणि मुंबईत कुणाकडं तरी मुक्काम करा, घाटात गाडी अडकली की कुणाच्याच हातात काही राहत नाही.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मुंबईला विमानानं जाणार असाल तर शक्यतो पुढच्या विमानासकट एकच तिकीट काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं लेट झालं तर दुसऱ्याचे पैसे गेले समजा, शिवाय देशातल्या विमानात सहसा 15 किलोच बॅग चालते.

तिकिटावर निघायची वेळ इथली आणि पोचायची तिथली असते हे घरी नीट समजावून सांगा. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. दीडला निघून संध्याकाळी 7 ला पोचणार बघून आईला वाटलं साडेपाच तासच बसायचंय. येताना वरचं वारं पाठीमागून असतं म्हणून वेळ थोडा कमी लागतो.

पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आहे का बेळगावी ते बघा, 2014 ला नाव बदललं तरी जुन्या पासपोर्टवर जुनंच असतं, फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच भरा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर 48 तास आधी सांगून ठेवा, त्यात लाजायचं काही नाही, तिथं चालायला लई लांब असतं. कुंदा नेऊ नका, ताईनं कितीही मागितला तरी! दूध आटवून केलेलं तिकडं चालत नाही, चटणी-मसाले घट्ट पॅक करून चेक-इनमध्ये. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच.

गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठीपण हातातच ठेवा. बाबांची बीपीची गोळी रात्री 9 ची, म्हणजे तिकडं दुपारचे साडेचार, पुढं वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घेतलंय. तोवर मोबाईल लंडनची वेळ दाखवू दे, बाबांच्या मनगटावरचं घड्याळ इथल्याच वेळेवर राहणार.