लॅटिन नाम पाठ करताना षष्ठी सोडू नका

लॅटिनचा शब्दकोश नामाची दोन रूपं देतो: प्रथमा एकवचन आणि षष्ठी एकवचन. ही जोडी एकत्रच पाठ करा. दोमिनुस म्हणजे मालक, कोर्पुस म्हणजे शरीर, मानुस म्हणजे हात. तिन्ही ऐकायला एकाच घरातली वाटतात, पण षष्ठी बघा: दोमिनी, कोर्पोरिस, मानूस. तिन्हींचे वर्ग वेगळे, लिंगंही वेगळी. षष्ठीचा प्रत्यय काढला की शब्दाचं अंग, म्हणजे प्रत्ययाआधीचा भाग, हाती लागतं, उदाहरणार्थ कोर्पोर्. बहुतेक प्रत्यय त्यालाच लागतात.

विशेषण नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती घेतं, शेवटचा ध्वनी नाही. बोनुस म्हणजे चांगला. म्हणून बोनुस दोमिनुस, पण बोनुम कोर्पुस आणि बोना मानुस. नाउता म्हणजे खलाशी. शब्द आकारान्त असला तरी पुल्लिंगी, म्हणून नाउता बोनुस. यमक जुळवायचा मोह इथेच आवरायचा.

शाळेत संस्कृत केलेल्यांना विभक्तीची भीती नसतेच. फक्त एवढं ध्यानात ठेवा: तृतीया, पंचमी आणि बहुतांश सप्तमीचं काम लॅटिनमध्ये एकच विभक्ती करते. कुम आमीको म्हणजे मित्रासोबत, एक्स उर्बे शहरातून, इन उर्बे शहरात.