मागच्या सीटचं बकल घावतंय का बघा: सीट आणि सीटबेल्टच्या या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गाड्यांच्या कुशनचं काम आहे. सीट कव्हर, बसलेला फोम बदलणं, फाटलेलं रेक्झिन, दारांची पॅनेलं. बावीस वर्षं झाली. गाड्या पार बदलल्या, आत बसणाऱ्यांच्या खोडी मात्र त्याच. लोक म्हणतात, कोल्हापूरकर बेल्ट लावत नाहीत. खरं आहे, पण अर्धंच. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी गाड्यांत बेल्ट लावायचा म्हटलं तरी लावता येत नाही. मालकानं आणि आमच्यासारख्या कारागिरांनी मिळून तो आधीच बाद करून ठेवलेला असतो.

कव्हरखाली गाडलेलं बकल

ही चूक माझ्याच हातची, म्हणून आधी तीच सांगतो.

मागच्या सीटची बकलं बैठक आणि पाठ यांच्या मधल्या फटीतून वर येतात. कव्हर चढवताना ती आड येतात. प्रत्येक बकलासाठी कव्हरला खाच कापायची, खाचेच्या कडेला पायपिंग मारायचं, मग बकल त्यातून ओढून वर घ्यायचं. यात गाडीमागं अर्धा-पाऊण तास जास्त जातो. बाहेर गिऱ्हाईक चहा पीत "झालं का, झालं का" करत असतं. मग सोपी वाट म्हणजे बकल खाली दाबायचं, वरून कव्हर ताणायचं, हुक मारून मोकळं. सीट कशी एकसंध दिसते! गिऱ्हाईक खूश, आपण खूश. मागच्या सीटला बेल्ट लावतंय कोण?

दहा-बारा वर्षांपूर्वी अशीच एक गाडी मी केली. कागलकडचं ओळखीतलं घर. चॉकलेटी कव्हर, बदामी शिलाई. पुढं दोन-अडीच महिन्यांनी, ऐन गळीत हंगामात, ते लोक रात्री गगनबावड्याहून परत येत होते. कळे गावाच्या अलीकडं रस्त्यात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. खुणेला दोन दगड आणि उसाचा पाला. डिसेंबर ते मार्च आपल्याकडं हे कुणाला नवीन नाही. पुढच्या दोघांनी बेल्ट लावले होते, मागं आई एकटी. गाडी ट्रॉलीवर गेली आणि म्हातारीचं तोंड मुलाच्या सीटच्या पाठीवर आदळलं. पुढचे दात गेले, गळ्याजवळचं हाड मोडलं. तिच्या धक्क्यानं ती सीट पुढं दबली, त्यात चालवणाऱ्या मुलाच्या दोन बरगड्या गेल्या.

जीव वाचले. नंतर ती सीट दुरुस्तीला माझ्याचकडं आली. मुलगा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, आईनं पट्टा शोधला हुता. नातवानं शाळंत शिकलेलं सांगितलं हुतं तिला. पट्टा ओढून घेतला, पण बकलच घावंना. मग दिला सोडून."

मी त्याच्यासमोरच कव्हरचे हुक सोडले. बकल खाली आडवं पडलं होतं. त्यावर शोरूमचं पातळ प्लॅस्टिक तसंच होतं, न फाडलेलं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. काम झालं की गिऱ्हाईकाला मागं बसवतो आणि एकेक बेल्ट लावायला लावतो. मधलासुद्धा. तिन्हीकडं 'टक्' ऐकू आल्याशिवाय पैसे घेत नाही. ज्याला घाई आहे त्यानं दुसरीकडं जावं, चार दुकानं आहेत. तुमच्या गाडीला आधीच कव्हर असेल, तर आज पार्किंगमध्ये फटीत हात घालून बघा. बकल लागलं नाही तर कव्हर सोडून खाच कापून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

"गावातनं हळूच जातोय" हेही रोज ऐकतो. ताशी 50 च्या वेगानं थेट आदळणं म्हणजे साधारण 10 मीटर उंचावरून खाली पडणं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून म्हणा. समोरच्या सीटला दोन्ही हात लावून कुणी ते थोपवू शकत नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेही महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते, बेल्ट न लावता. त्यानंतर आठ दिवस लोक माझ्याकडं बकलं वर काढून घ्यायला येत होते. नवव्या दिवशी थांबले. आणि पट्ट्याचा कायदा फक्त पुढच्यांना आहे हा समजही सोडा. पुढं तोंड करून असलेल्या मागच्या सीटलाही तो सक्तीचाच आहे.

कव्हरचीच अजून एक गोष्ट. पुढच्या सीटच्या पाठीला बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेलं छोटं लेबल शिवलेलं असेल, तर एक पिशवी त्या सीटच्या आत आहे. तिथं साधं जाड कव्हर चढवलं की ती हवी तेव्हा नीट फुटून बाहेर येत नाही. त्या गाडीसाठी बनवलेलं, त्या कडेला मोकळं असलेलं किंवा उसवणाऱ्या शिलाईचं कव्हर घ्या. नाहीतर कव्हर घालूच नका. धंदा माझा बुडतोय, पण सांगतो.

आवाज बंद करायची क्लिप

दर आठवड्याला एकजण तरी येतो. "मामा, ते टिंगटिंग बंद करायची क्लिप हाय काय?" नाही. नव्हती, ठेवणारही नाही. ही क्लिप म्हणजे पट्ट्याऐवजी बकलात खुपसायची नुसती जीभ, पट्टा लावलाय असं गाडीला वाटतं. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना पुढच्या सीटसाठी बेल्टचा इशारा सक्तीचा झाला, आणि लगेच तो बंद करायची क्लिपही बाजारात आली. आपल्याकडं कुलपाआधी चोरकिल्ली तयार असते. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रीच्या पाच संकेतस्थळांवरून अशा क्लिपांच्या विक्रीच्या 13,118 नोंदी काढायला लावल्या. रस्त्यावरच्या दुकानातून त्या पुरत्या गेल्या नाहीत.

क्लिप लावणाऱ्यांचं लाडकं उत्तर, "एअरबॅग हाय की". अहो, स्टेअरिंगवर एसआरएस लिहिलेलं असतं त्याचा अर्थच पूरक व्यवस्था, म्हणजे पट्ट्याच्या जोडीला. ही पिशवी पापणी लवायच्या आत, ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगानं फुगते. पट्टा अंगाला धरून ठेवतो तेव्हा तुम्ही फुगलेल्या पिशवीवर टेकता. पट्टा नसेल तर तुम्ही पुढं आणि ती मागं, दोघं मधेच भेटता. त्या भेटीत मान जाते.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "शेजारच्या सीटवर डबा ठेवला तरी बोंबलतंय." मग डबा खाली पायाशी ठेवा, नाहीतर डिकीत. लावलेल्या रिकाम्या पट्ट्यावर बसून जाणारे तर वेगळेच. ते रोज नेमानं पट्टा लावतात, फक्त पाठीमागं.

"मशीनवर दोन टाके मारा की"

गाडी महिनाभर शेतातल्या शेडमध्ये उभी राहिली की उंदीर आत घर करतात. पट्टा कुरतडतात. मग तो कुरतडलेला पट्टा घेऊन माणूस माझ्या शिलाई मशीनसमोर उभा. "टाके मारा, ठिगळ दिसलं तरी चालंल."

दिसण्याचा प्रश्न नाही. हा पॉलिस्टरचा विणलेला पट्टा दीड टनापर्यंतचा ताण घेण्यासाठी असतो. रेक्झिन शिवायच्या माझ्या दोऱ्याचा टाका त्या ताणाला सुतासारखा तुटतो, आणि सुई जिथं जाते तिथं मूळचे धागे अजून कमजोर होतात. कडेला सुतं निघालेली, काप गेलेला, बिडीनं भोक पडलेला पट्टा बदलायचा. कंपनीचा नवाच घ्यायचा, भंगारातला नाही. भंगारातला पट्टा कुठल्या अपघातातून आलाय कुणास ठाऊक. एकदा जोरात ताणला गेलेला पट्टा वरून धडधाकट दिसतो, पण त्याचं देणं देऊन झालेलं असतं. अपघातात एका झटक्यात पट्टा आवळणारी यंत्रणा असते, तीही एकदा उडाली की संपली. अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंगला चाळीस हजार घालतात आणि पट्टा "चालतोय की" म्हणून तोच. विमावाल्याकडं पट्ट्याचंही मागा.

बाकीच्या चुका

पट्टा बगलेखालून घेणं. साडी चुरगळते, खांदा काचतो, कारणं हजार. 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणलेला हा पट्टा तीन टोकांचा आहे, कारण धक्का खांदा, छाती आणि कंबरेची हाडं यांनी वाटून घ्यायचा. बगलेखालून घेतलात की सगळा भार खालच्या बरगड्यांवर आणि त्यांच्यामागच्या काळजावर, म्हणजे यकृतावर. मान काचत असेल तर दारामागच्या खांबावर पट्टा वर-खाली करायचं बटण बऱ्याच गाड्यांत असतं. सहसा कुणी ते दाबलेलंच नसतं.

शेजारची सीट आडवी करून झोपणं. पुण्याला जाताना किणी टोलनाका गेला की नवरा चालवतो, बायको आडवी. कमरेचा पट्टा पोटावर सरकतो आणि धक्क्यात अंग त्याखालून घसरतं. झोप आली तर मागं जा, पट्टा लावून बसल्या बसल्या झोपा.

गरोदर बाईनं बेल्ट लावू नये, हे घरातल्या मोठ्यांचं मत. चुकीचं. कमरेचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांच्या मुळाशी. वरचा भाग छातीच्या मधून आणि पोटाच्या कडेनं.

पोर मांडीवर घेणं. दहा किलोचं पोर धडकेत हातात राहत नाही, पैलवान असलात तरी. एकाच पट्ट्यात दोघं बसलात तर तुम्हीच त्याला चेंगरता. लहानग्याला मागच्या सीटवर, त्याच्या वजनाच्या बाळसीटमध्ये. मागं तोंड करून बसवायची बाळसीट पुढं एअरबॅगसमोर कधीच नको.

हेडरेस्ट काढून माळ्यावर टाकणं, मागचं दिसत नाही म्हणून. मागून कुणी ठोकलं तर मान मागं मोडायला तेवढं पुरतं. त्याचा वरचा काठ डोक्याच्या उंचीला आणा, मानेला नाही. ते टुमदार मानेचे तक्के मीही विकतो, पण उभ्या गाडीत वापरा.

वडापमध्ये, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये, मागच्या आडव्या फळीवर दाटीवाटीनं बसणाऱ्यांना काय सांगणार? तिथं पट्टाच नाही.

नवशिक्यांचं एक वेगळंच. आठ दिवसांत गाडी शिकायची असते, पण सीट लावायला आठ सेकंद नसतात. स्टेअरिंगला छाती टेकवून बसतात. छाती आणि स्टेअरिंग यांत किमान 25 सेंटीमीटर हवेत, म्हणजे एक वीत आणि वर दोन-तीन बोटं. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. सीट सरकवल्यावर तिला पुढं-मागं हिसका द्या, खट् वाजेपर्यंत. हे न केलेल्या एकाची सीट पन्हाळ्याच्या चढावर सर्रकन मागं गेली आणि पाय ब्रेकवरून सुटला. मागं एसटी होती, ड्रायव्हर शहाणा होता म्हणून निभावलं.

पट्टा नीट चालत नसेल तर

ओढताना मधेच अडकतो. आधी बघा, गाडी उतारावर उभी आहे का? पट्ट्याच्या रिळात गाडी कलली की कुलूप लावणारी यंत्रणा असते, त्यामुळं जोतिबाच्या चढावर लावलेल्या गाडीत तो अडकणारच. बिघाड नाही तो. हिसका दिला तरी अडकतो, तेही बरोबरच. उलट हिसका दिल्यावर अडकलाच नाही तर काळजी करा. पट्टा थोडा आत सोडून हळू ओढा. सपाटीवर हळू ओढूनही अडकत असेल तर सर्व्हिस सेंटर. रीळ स्वतः उघडू नका, आतली स्प्रिंग हात फोडते.

बकलात जीभ जाते पण 'टक्' येत नाही. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा आत भडंग, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, असतं. जयसिंगपूरचं पाकीट गाडीत फोडायचं आणि बकलानं खायचं. एकदा एक रुपयाचं नाणं आणि अर्धी वेलची निघाली होती. मोबाइलचा दिवा मारून बघा, पंक्चरवाल्याकडं हवेचा फवारा मारा. तेल सोडू नका, तेलाला धूळ चिकटते आणि महिन्यात पुन्हा तेच. तरी आवाज येत नसेल तर बकल बदला.

सुटल्यावर पट्टा आत जात नाही, दारात सापडतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर आणि मिरवणुकांनंतर माझ्याकडं ही रांग असते. गुलाल. बारीक पूड पट्ट्याला आणि खांबावरच्या कडीला चिकटते, वर घाम आणि धूळ बसते, मग पट्टा घासत जातो. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावून तो तिथंच धरून ठेवा. कोमट पाण्यात थोडा साधा शाम्पू घालून ओल्या फडक्यानं पुसा, दोन्ही बाजूंनी. खांबावरची कडी आतून जुन्या बनियनच्या पट्टीनं पुसा, तिथंच खरा मळ असतो. ब्लीच, थिनर, पेट्रोल, काहीही लावू नका, धागा मरतो. चिमटा एक रात्र तसाच राहू दे, सावलीत पुरता वाळू दे. ओलाच आत सोडलात तर आत कुबट वास धरतो, आणि मग सेंटची बाटली मागायला माझ्याकडं येऊ नका.