टू-स्ट्रोक एटीव्ही: पाईप घ्यायच्या आधी इंजिन हवा कुठून ओढतंय ते बघा

जुनी टू-स्ट्रोक क्वाड (चार चाकांची एटीव्ही) हातात आली की पहिल्या आठवड्यातच माणूस नवा एक्झॉस्ट पाईप बघायला लागतो, मीही तेच केलं होतं. यामाहा बॅन्शी ३५०, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, पाण्याने थंड होणारी. नवा पाईप लावला, दोन दिवस मजा मारली आणि तिसऱ्या दिवशी डावा पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम झाला. मला वाटलं जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) लहान पडला. बोअर मारून घेतला, नवीन पिस्टन घातला, मोठा जेट टाकला आणि परत डावाच धरला. उजवा मात्र दोन्ही वेळा एकदम ठणठणीत, खरं तर तिथेच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती. शेवटी कळलं की मॅग्नेटच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या टोकाभोवतीचं रबरी सील, कडक होऊन गेलं होतं, तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होतं आणि मी दोन आठवडे कार्बोरेटरला शिव्या घालत होतो.

म्हणून आधी लीक टेस्ट, बाकी सगळं नंतर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग ट्रान्सफर पोर्टातून वर जातं, त्यामुळे खालचा डबा हवाबंद नसेल तर तुम्ही कुठलाही जेट टाका, मिश्रण लीनच होणार, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. वर तेलही पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे लीन झालं की उष्णता वाढते आणि वंगण कमी होतं, दोन्ही एकदमच.

सामान साधं आहे. एक्झॉस्ट पोर्ट रबराच्या बुचाने बंद करायचे, कार्ब काढून तिथल्या रबरी बूटमध्ये पाईपचा तुकडा घालून क्लॅम्प आवळायचा आणि त्या तुकड्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि कमी प्रेशर दाखवणारं गेज जोडायचं (टायरचं गेज चालत नाही, त्यावर ६ पीएसआय दिसतच नाही). बॅन्शी असेल तर दोन्ही एक्झॉस्ट, दोन्ही बूट बंद. हातपंपाने ६ पीएसआय भरा, त्याच्या फार वर जाऊ नका नाहीतर चांगली सीलं उगाच बाहेर यायची. आता ६ मिनिटं बघत बसा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने लावत जा, बेस गॅस्केट, रीड केजची (कार्बमागच्या एकतर्फी झडपेच्या चौकटीची) कड, बूटला पडलेल्या भेगा, प्लगचं वॉशर, केसचा जोड. मॅग्नेटचं सील बघायला मॅग्नेट काढावाच लागतो, आळस करू नका, माझं तिथेच निघालं होतं, बारीक बारीक बुडबुड्यांची एक रांग. मधे एकदा क्रँक थोडा फिरवून परत बघा, काही सीलं एकाच जागी सोडतात. क्लच बाजूचं सील गेलं असेल तर ते वेगळ्या तऱ्हेने कळतं, गिअर ऑईल कमी होत जातं आणि धूर पांढरा आणि थांबतच नाही असा येतो.

लीक नाही याची खात्री झाली की कॉम्प्रेशन बघा. इंजिन थोडं गरम, दोन्ही प्लग बाहेर काढून अर्थ केलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. थ्रॉटल बंद ठेवून मारलं तर आकडा कमी येतो आणि माणूस उगाच घाबरतो. आकडा हेडवर आणि गेजवरही अवलंबून असतो, म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा नवीन रिंग घातल्यावर तुमचा किती येतो तो लिहून ठेवा आणि तो पडायला लागला की रिंगा बदला.

वरचा भाग उघडलाच असेल तर पिस्टनच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचायला शिका. ट्रान्सफर पोर्टांच्या समोर पेट्रोलने धुतलेले स्वच्छ पट्टे दिसतात, ते असले पाहिजेत. अजिबात नसतील आणि सगळं कोरडं भाजलेलं असेल तर लीन, अर्ध्याच्या वर डोकं स्वच्छ असेल तर फारच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे म्हणजे डेटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं पेटणं), कॉम्प्रेशन किंवा ठिणगीचं टायमिंग पेट्रोलला झेपत नाहीये. परत बसवताना बाण एक्झॉस्टकडे, रिंगचं तोंड खाचेतल्या छोट्या पिनवर, आणि गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) सर्क्लिप नवीनच. जुनी सर्क्लिप परत वापरून वाचवलेले पैसे पुढे सिलिंडरमध्ये घालावे लागतात.

मिश्रणाबद्दल सगळेच भांडतात, मी ३२:१ ने चालवतो, ५ लिटर पेट्रोलला साधारण १५६ मिली चांगलं टू-स्ट्रोक तेल. मापाचं भांडं वापरा, अंदाजे ओतू नका. एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते: तेल वाढवलं की मिश्रण रिच नाही, लीन होतं, कारण जेटमधून जाणाऱ्या त्याच थेंबात पेट्रोल तेवढं कमी झालं. म्हणून प्रमाण एकदा ठरवा आणि मग जेटिंग करा, मधेच बदलू नका. यामाहाच्याच ब्लास्टर २०० ला तेलाचा पंप कंपनीतूनच असतो, तो काढून टाकला असेल तर टाकीवर मोठ्या अक्षरात लिहा की यात तेल मिसळायचंय, घरात कोणीतरी साधं पेट्रोल भरतंच.

आता पाईप. नुसता आवाजाचा डबा नाहीये तो. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट पाईपमध्ये जाते, रुंद होत जाणाऱ्या कोनातून ती परत येताना ओढ निर्माण करते आणि सिलिंडर साफ करते, नंतर अरुंद होत जाणाऱ्या कोनावर आपटून दाब होऊन परत येते आणि बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत परत ढकलून देते. हे सगळं ठराविक आरपीएमलाच जुळतं, म्हणून टू-स्ट्रोकला ती अचानक लाथ बसते. झाडीतून, वळणातून चालवणाऱ्याने टॉप एंडचा पाईप घेतला तर दिवसभर क्लच घासत बसावं लागेल, मिडरेंजचा घ्या, खरंच. पाईप आणि एअरबॉक्सचं झाकण काढणं, दोन्हीने हवा वाढते, म्हणून मेन जेट मोठा टाकल्याशिवाय फुल थ्रॉटल द्यायचंच नाही.

जेटिंग वरून खाली करायचं. मुद्दाम मोठा मेन जेट टाका, इतका की फुल थ्रॉटलला इंजिन गुरगुरेल आणि चार-स्ट्रोकसारखं अडखळेल, मग एकेक नंबर कमी करत स्वच्छ ओढेपर्यंत या आणि तिथे थांबा. अजून एक कमी करून बघू हा मोह पिस्टनला महाग पडतो. पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि स्लाइडचा (कार्बमधल्या वरखाली होणाऱ्या झडपेचा) काप, पाव ते पाऊण नीडल, त्याच्या वर मेन. अडखळतंय कुठे ते कळावं म्हणून थ्रॉटलच्या हाउसिंगवर टेप लावून खुणा करा, फार उपयोग होतो. दोन कार्ब असतील तर दोन्ही स्लाइड एकदमच उचलल्या जातात का ते बोट लावून बघा, एक मागे राहिली तर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत बसतो. पक्कं करायला नवीन प्लग घाला, वरच्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल, मग एकाच वेळी किल स्विच आणि क्लच. नुसत्या टोकाच्या रंगावर जाऊ नका, चिनी मातीच्या अगदी बुडाशी, आत जिथे ती धातूला भिडते तिथे काळसर कडं आहे का ते बघा.

कॉम्प्रेशन वाढवायला हेड कापून घ्यायचं असेल तर आधी स्क्विश मोजा, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याची कड आणि हेड यांमधली फट. दीड-दोन मिलीमीटर जाडीची सोल्डरची मऊ तार प्लगच्या भोकातून आत घालून सिलिंडरच्या भिंतीला टेकवायची, पण गजन पिनच्या रेषेत, आडवी घातली तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. क्रँक हाताने फिरवून वर नेऊन खाली आणा, तार काढा, चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. दोन्ही बाजू मोजा. या आकाराच्या इंजिनाला मी १ मिलीमीटरच्या खाली जात नाही, वेगात क्रँक आणि रॉड थोडे ताणले जातात आणि मग पिस्टन हेडला भेटायला जातो. कॉम्प्रेशन वाढवलं तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागणार, आणि त्याच दिवशी टायमिंग पण पुढे घेऊ नका, एका वेळी एकच बदल, नाहीतर बिघडलं कशाने ते कधीच कळत नाही. पोर्टिंग (सिलिंडरमधले पोर्ट कापून मोठे करणं) शेवटी, आणि ते घरी ग्राइंडर घेऊन करायचं काम नाही. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड वाढवली की वरची ताकद येते आणि खालची जाते, कापलेला धातू परत लावता येत नाही, आणि पोर्ट फार रुंद झाला तर रिंग त्यात अडकून तुटते.

बॅन्शीचं ते थ्रॉटल अडकलं की इग्निशन तोडणारं टॉर्स बरेच जण काढून टाकतात, वैताग देतं हे खरं, पण काढलं तर मनगटाला दोरी असलेला किल स्विच लावाच. स्लाइड उघडी अडकली तर इंजिन आपोआप थांबवणारं दुसरं काही नसतं.

नवीन पिस्टन घातला की लगेच पळवू नका. चालू करा, सिलिंडर चांगला गरम होऊ द्या, बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या, पूर्ण म्हणजे हात लावून थंड लागेपर्यंत. असं तीन वेळा. गार पिस्टन आणि एकदम रेस दिली की पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि चारही कोपऱ्यांवर ओरखडे पडतात. तिसऱ्यांदा गार झालं की हेडचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, समोरासमोरच्या क्रमाने परत बघा, एखादा तरी थोडा फिरतोच. आणि आत्ताचा मेन जेट आणि आजचं तापमान एअरबॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा, थंडी पडली की हवा दाट होते आणि आज बरोबर असलेला जेट तेव्हा लहान पडतो.