सर्जिकल टेकला अर्ज करण्याआधी एवढं वाचा

टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग भागात नव्याने आलेल्या ज्या मराठी मुली मला "ताई, ऑपरेशन थिएटरमधलं तुमचं काम कसं मिळतं?" असं विचारतात, त्यांतल्या बऱ्याचजणी भारतात बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस किंवा मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालेल्या असतात. हुशारीत कुणी कमी नसतं. तरी अर्ज नाकारले जातात, आणि कारणं दर वर्षी तीच. म्हणून हे लिहायला घेतलं. पुरुषांनाही सगळं लागू आहे, ते फक्त विचारत नाहीत.

कामाचं स्वरूप थोडक्यात: शस्त्रक्रियेआधी निर्जंतुक टेबल मांडायचं, सर्जनच्या हातात मागायच्या आत हत्यार ठेवायचं, स्पंज आणि सुया मोजायच्या, शेवटी सगळं आवरायचं. डॅलसच्या आसपास कॉलिन कॉलेज, टॅरंट काउंटी कॉलेज आणि डॅलस कॉलेज इथे हा अभ्यासक्रम आहे. जागा मोजक्या असतात, कारण वर्गात बाकं वाढवून भागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्णालयात किमान १२० शस्त्रक्रियांमध्ये भाग घ्यावा लागतो आणि त्यांतल्या ८० मध्ये मुख्य स्क्रब, म्हणजे सर्जनला हत्यारं देणारी मुख्य व्यक्ती, म्हणून स्वतः उभं राहावं लागतं. तेवढी टेबलं रुग्णालयांनी द्यायला हवीत ना!

कॉलेज कुठलंही निवडा, अभ्यासक्रमाला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का ते आधी पाहा. नसेल तर सीएसटीच्या, म्हणजे सर्टिफाइड सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टच्या, परीक्षेला बसता येत नाही, आणि टेक्ससमध्ये सर्टिफिकेट नसलेल्यांना कामावर घेण्यावर कायद्याचंच बंधन आहे. 'काही आठवड्यांत घरबसल्या सर्जिकल टेक' अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका.

आता मुख्य गोष्ट. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी इथे पुन्हा करा. भारतात केली असली तरी करा. मृतदेहाचं विच्छेदन केलं असलं तरी करा.

निवड बहुतेक ठिकाणी गुणतक्त्यावर होते. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी कॉम्पोझिशन यांतल्या ग्रेडला गुण, काही ठिकाणी टीस किंवा हेसी या प्रवेशपरीक्षेचे गुण, कुठे आधीच्या पदवीचे किंवा अनुभवाचे थोडे. आपली मंडळी काय करतात, तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मागवतात, मूल्यांकन करून देणाऱ्या संस्थेचे पैसे भरतात, आणि 'बॅचलर्सच्या तोडीची पदवी' असा कागद हातात आला की निर्धास्त होतात. तो कागद खोटा नसतो. पण तक्त्यातला ॲनाटॉमीचा रकाना त्याने भरेलच असं नाही. अनेक कॉलेजं परदेशातले विज्ञानाचे क्रेडिट धरत नाहीत, आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा प्रयोगशाळेचा विषय तर कित्येक ठिकाणी बादच होतो, मग तो पुण्यात केलेला असो की ह्यूस्टनमध्ये.

माझ्या ओळखीच्या एक होमिओपॅथ बाई, दहा-बारा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेल्या, याच रकान्यावर अडल्या. कॉलेजने विषय पुन्हा करायला सांगितलं. त्यांना तो अपमान वाटला. ईमेल लिहिल्या, अपील केलं, दुसऱ्या संस्थेकडून पुन्हा मूल्यांकन करून आणलं, आणि तेवढ्यात अर्जाची मुदत गेली. पुढच्या वर्षी तोच वाद, तेच उत्तर. शेवटी अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसून दोन्ही भाग केले, दोन्हींत 'ए' मिळाला आणि प्रवेशही झाला. दोन वर्षांचा पगार गेला तो गेलाच. इथला कारकून हसून, "हॅव अ गुड डे" म्हणून नकार देतो. आपल्याला वाटतं अजून बोलायला जागा आहे. नसते. तेव्हा पुन्हा सांगते, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी इथे करा, आणि अर्ज करायच्या किमान वर्षभर आधी सुरू करा, कारण पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही. पहिल्याच सत्रात चार विषय घेऊन 'सी' आणू नका. प्रयोगशाळेचा भाग ऑनलाइन केलेला चालतो का, तेही आधी विचारा.

कॉलेजचे विषय घेण्याआधी टीएसआय नावाची वाचन-लेखन-गणिताची चाचणी द्यावी लागते. भारतातली पदवी असली तरी ती टळेल असं धरू नका. आपल्याला जड नाही, निबंधाचा मात्र सराव करा. टेक्ससमध्ये १२ महिने राहिल्याचे पुरावे, म्हणजे भाडेकरार, लायसन्स वगैरे, जपून ठेवा. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलात तरीसुद्धा रहिवासी दराची फी लागू होऊ शकते, आणि दरांत बराच फरक असतो.

व्हिसाबद्दल. एच-४ वर शिकता येतं, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायची गरज नाही. अडतं ते दुसरीकडे. वर्क परमिट नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, आणि पार्श्वभूमी तपासणीला अनेक रुग्णालयांना तो नंबर हवा असतो. तुमच्या नंबराशिवाय तपासणी होईल का, हे प्रोग्रामच्या समन्वयकांना फी भरण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. परमिट नवऱ्याच्या आय-१४० वर, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेल्या अर्जावर, अवलंबून असेल तर तो मंजूर होऊ द्या. आणि भारतातून केवळ या कोर्ससाठी एफ-१ वर यायचा विचार करणाऱ्यांना माझं स्पष्ट मत: येऊ नका. या कामाला बॅचलर्स लागत नाही, त्यामुळे यावर एच-१बी मिळायची आशा जवळजवळ नाही. घरावर कर्ज काढून करायची ही गोष्ट नव्हे.

लसींचं प्रकरण सगळे शेवटच्या महिन्यावर ढकलतात, आणि इथेच जागा हातची जाते. हेपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात असे असतात. मग महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी. म्हणजे आठ महिने सहज जातात. महिन्याच्या अंतराने दोनच डोसांची एक नवी लसही आहे, डॉक्टरांना विचारा. कांजिण्या लहानपणी येऊन गेल्याचं आईला पक्कं आठवत असतं, पण आईची साक्ष चालत नाही. टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, करून घ्या.

टीबीची तपासणी त्याहून नाजूक. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे. त्वचेच्या थरात टोचून करायच्या मॅन्टूच्या चाचणीत त्या लसीमुळे गाठ येऊ शकते, आणि मग एक्स-रे, खुलासे, धावपळ. पहिल्या दिवसापासून रक्ताची क्वांटिफेरॉन तपासणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. छातीचा एक्स-रे होईल, कदाचित सुप्त टीबीची औषधं चालू होतील, पण तेवढ्याने प्रवेश जात नाही. एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस आणि टीबीची तपासणी एकाच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबा.

मुलाखत असेल तिथे आपल्या बायका दोन ठिकाणी घसरतात. एक, "मी मुळात डॉक्टर आहे, सध्या हे करते." समोरच्याला एवढंच ऐकू येतं की ही टिकणार नाही. दुसरी गोष्ट संस्कारातली. हमखास विचारतात, तुमचा हात निर्जंतुक नसलेल्या जागी लागला आणि कुणी पाहिलं नाही, तर? किंवा सर्जनचाच मोजा, म्हणजे ग्लव्ह, बाटला तर? आपण मोठ्यांसमोर गप्प बसायला शिकलेलो. इथे उत्तर एकच: त्या क्षणी, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगेन. याला सर्जिकल कॉन्शन्स म्हणतात आणि निवडीत ते मार्कांइतकंच बघतात. घरी आरशासमोर म्हणून बघा, "डॉक्टर, तुमचा ग्लव्ह बदला." पहिल्यांदा आवाज फुटत नाही.

शरीराचाही विचार करा. हत्यारांचा एक ट्रे २५ पौंडांपर्यंत, म्हणजे अकरा किलोंच्या वर भरतो. तासन् तास उभं राहायचं, मास्क लावलेला. क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, पहाटे सुरू होतं, बिनपगारी असतं, आणि शाळेत मुलं सोडायची व्यवस्था आधी लावावी लागते. नोकरीत ऑन-कॉल येतो, म्हणजे बोलावलं की जायचं, गणपती असो की दिवाळी. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी उतरवायची. टिकली निर्जंतुक टेबलावर पडू शकते, म्हणून तीही नाही. यावर घरात बोलणं आधीच करून घ्या. आणि मंडळाच्या व्हॉट्सॲपवर विचारू नका. तिथे आयटीवाले "टेस्टिंगचा कोर्स कर" म्हणतात, आणि कुणीतरी "डॉक्टर होऊन आता हत्यारं पुसणार?" हे हमखास ऐकवतं. हो, पुसतो. रक्तही पुसतो.

यादीत नाव आलं नाही आणि वर्क परमिट असेल, तर नुसत्या वाट पाहू नका. रुग्णालयाच्या स्टराइल प्रोसेसिंग विभागात अर्ज करा, म्हणजे हत्यारं धुऊन, तपासून, ट्रे लावायचं काम. या कामाच्या सीआरसीएसटी सर्टिफिकेटला ४०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, तो नोकरीतच होतो. केली, कोकर, ॲलिस, बॅबकॉक हे चिमटे डोळे मिटून ओळखता येऊ लागतात, आणि पुढच्या अर्जाला शिफारस लिहायला खात्यातलंच माणूस मिळतं. प्रतीक्षायादीत असाल तर लसी, सीपीआरचं कार्ड, तपासणीचे कागद तयार ठेवा, आणि अनोळखी नंबर उचला. सत्र सुरू व्हायला चार दिवस असताना सुद्धा बोलावणं येतं.