मान ताणण्याआधी दिवा खाली घ्या

घरात दिव्याखाली रोपे तयार करताना ट्रेमधल्या कोकोपीटला (नारळाच्या काथ्याच्या भुशाला) बारीक भेग पडून वाकलेला पांढरा कोंब दिसला, की त्याच तासाला दिवा लावा. ‘उद्या बघू’ म्हणू नका. ढगाळ हवा आणि खोलीत ऊब, अशा जोडीत उजेड नसेल तर दोन दिवसांत कोंबाची मान दोन-तीन बोटे ताणली जाते, आणि एकदा ताणलेली मान पुन्हा आखडत नाही.

ज्यांची रोपे आडवी झालेली पाहिली, त्यातल्या बहुतेकांचा दिवा वाईट नव्हता, उंच होता. खोली लख्ख दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो. आपला डोळा कमी उजेडाशी जुळवून घेतो, रोपाला ते जमत नाही. ते उजेड शोधत वर पळत सुटते.

एकाने टोमॅटो आणि मिरची एकाच ट्रेमध्ये पेरली. टोमॅटो पाचव्या दिवशी वर आला. मिरचीला अजून आठवडा होता. “सगळं उगवू दे, मग लावतो दिवा.” मिरची उगवेपर्यंत टोमॅटोच्या काड्या वीतभर झाल्या होत्या. दोऱ्यासारख्या पांढरट, टोकाला दोन फिकट पाने, सगळ्यांची तोंडे खिडकीकडे. झारीचे पाणी पडताच ओळच्या ओळ झोपली. दिवा शेजारीच होता, खोक्यात. तेव्हा लवकर आणि उशिरा उगवणारी पिके एका ट्रेमध्ये नकोतच.

अंतर मोजायचे ते रोपाच्या शेंड्यापासून, ट्रेपासून नाही. साधी फ्लुरोसंट ट्यूब असेल तर ५ ते १० सेंमी, पांढरी एलईडी ट्यूब असेल तर १० ते १५. जोरकस एलईडी पॅनेल मात्र ३० ते ४५ सेंमीवरून सुरू करा. दिवा साखळीला टांगा, म्हणजे रोप वाढेल तशी एकेक कडी वर घेता येते. एकट्या बल्बपासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. लांब ट्यूबचा इतक्या झपाट्याने उतरत नाही, पण उतरतोच. शेंड्याची पाने पांढुरकी पडली किंवा कडा वर वळल्या, तर चार बोटे वर घ्या. हात लावून ‘गरम नाही’ म्हणणे एलईडीला पुरत नाही, गरम न होताही पान करपते. माझा आपला एक ठोकताळा: टोमॅटोच्या दलपत्रांखालचा (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांखालचा) देठ करंगळीच्या दोन पेरांपेक्षा लांब गेला, की दिवा उंच आहे.

आता खरेदी. विक्रेता आधी जांभळा दिवा पुढे करील. घेऊ नका. त्याने रोप वाढत नाही असे नाही, पण त्या उजेडात पिवळे पान आणि रोगाचा डाग डोळ्याला दिसत नाही, आणि दिसेपर्यंत ट्रे गेलेला असतो. ४००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पांढरा एलईडी रोपांना पुरेसा आहे. खोक्यावरचा ‘इतक्या वॅटच्या बरोबरीचा’ हा आकडा सोडून द्या, दिवा प्रत्यक्षात किती वॅट ओढतो ते बघा. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप. रोपाचे माप मायक्रोमोल, म्हणजे पानाच्या कामी येणारे प्रकाशकण किती पडतात ते. पानांवर दर चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल असे १६ तास मिळाले, तर दिवसाचे साधारण साडेअकरा मोल होतात, रोपवाटिकेला तेवढे चालते. मीटर नसेल तर मोबाइलवरचे लक्स मोजणारे ॲप पानाच्या उंचीवर धरा. पांढऱ्या एलईडीखाली १३ ते १४ हजार लक्स म्हणजे ढोबळ मानाने तेवढेच. फुलोऱ्यासाठीचे वेगळे लाल बटण आणि सोबत गळ्यात मारलेली ‘मुळं वाढवणारी’ बाटली, दोन्हीचे रोपाच्या या वयात काही काम नाही.

दिवा टायमरवर: १६ तास चालू, ८ तास बंद. रात्रभर ठेवून भरपाई होत नाही. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिला तर पाने पिवळी-चट्टेदार होतात.

बाकीची कामे:

- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) ५ ग्रॅम प्रति किलो बियाणे.
- कोकोपीट: मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंबच पडावेत.
- पेरणीची खोली: बियाच्या जाडीच्या दुप्पट. लेट्यूस वरच, नुसते दाबून. त्याला उगवायलाही उजेड लागतो.
- उगवणीला टोमॅटो, मिरची, वांगी २५ ते ३० अंश. उगवल्यावर रात्री १८ ते २०.
- पाणी सकाळी, ट्रेच्या खालून. सतत ओल राहिली की रोपे बुडातून कोलमडतात.
- मंद पंखा.
- खत पहिली खरी पाने आल्यावर: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत), १ ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा.
- प्लग पाण्याच्या वर. वायरीला खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळ तिथेच गळेल. ईएलसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.
- लावणीआधी ७ ते १० दिवस बाहेरच्या उन्हा-वाऱ्याची हळूहळू सवय.

सकाळ-संध्याकाळ रोपांच्या शेंड्यांवरून दहा-बारा वेळा अलगद तळहात फिरवला तर ती बुटकी आणि जाड राहतात. लोक हसतात, पण वाऱ्याने हलणारे रोप आखूड राहते हे शास्त्रही मान्य करते.

टोमॅटो आधीच ताणला असेल तर पुनर्लागवडीत दलपत्रांपर्यंत गाडा, खोडाला मुळे फुटतील. मिरची-वांग्याला ती मुभा फारशी नाही. काकडी ताणली तर ट्रे रिकामा करून आजच पुन्हा पेरा, आणि पेरण्याआधी साखळीचा आकडा खालच्या कडीत अडकवून ठेवा.