मांजरांच्या विषाणूजन्य आजारातील प्रतिकार-प्रथिनांचा अभ्यास : या चुका टाळा

विषाणूजन्य आजार झालेल्या मांजरांच्या रक्तातील प्रतिकार-प्रथिनांचे, म्हणजे प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आणि दाह झाल्यावर वाढणारी प्रथिने यांचे, आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले, की पहिला संशय चाचणीच्या किटवर घेतला जातो. बहुतेक वेळा मात्र दोष किट उघडण्याच्या कितीतरी आधी, रक्त काढताना किंवा नमुना पाठवताना शिरलेला असतो. सोलापुरात मांजरांचे नमुने गोळा करून पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांकडे पाठवणारे पशुवैद्यक आणि या विषयावर प्रबंध लिहिणारे पदव्युत्तर विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

काय मोजायचे, यातली गफलत

एफआयपी हा मांजरांमधील कोरोना विषाणूत बदल झाल्याने होणारा आजार, मांजरांचा ल्युकेमिया म्हणजे एफईएलव्ही आणि १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडलेला, मांजरांची प्रतिकारशक्ती दुबळी करणारा विषाणू एफआयव्ही, या तिन्हींच्या नेहमीच्या चाचण्या एकच गोष्ट मोजत नाहीत. एफईएलव्हीच्या चाचणीपट्टीवर दिसणारे पी-२७ हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन आहे, तर एफआयव्हीची पट्टी मांजराच्या शरीराने तयार केलेले प्रतिपिंड दाखवते. हे दोन्ही निष्कर्ष ‘प्रतिकार-प्रथिने’ या एकाच मथळ्याखाली मांडले, तर तक्त्याला अर्थच उरत नाही. सहा महिन्यांखालील पिल्लांमध्ये एफआयव्हीचे प्रतिपिंड आईकडून आलेले असू शकतात, म्हणून अशा पिल्लांची चाचणी सहा महिन्यांचे वय उलटल्यावर पुन्हा करावी आणि तोपर्यंत त्यांना बाधित गटात धरू नये. कोरोना विषाणूचे प्रतिपिंड तर अनेक मांजरे एकत्र राहत असलेल्या घरातल्या निरोगी मांजरांतही सर्रास सापडतात. त्यांवरून एफआयपीचे निदान होत नाही.

दुसरी चूक सीआरपीची, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची. माणसांत आणि कुत्र्यांत हे प्रथिन दाह झाल्यावर झपाट्याने वाढते. मांजरांत ते फारसे हलत नाही. मांजरांत पाहायची ती सीरम अमायलॉइड ए आणि अल्फा-१-ॲसिड ग्लायकोप्रोटीन, म्हणजे एसएए आणि एजीपी. माणसांसाठीचे किट हाताशी आहे म्हणून मांजराचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, त्यात घालू नये. काही मानवी किट मांजरांतही चालतात, परंतु ते आधी पडताळून पाहावे लागते. त्यासाठी एकाच नमुन्याचे निम्मे, पाव आणि अष्टमांश विरलन करावे. विरलनाचा हिशेब धरल्यावर तिन्हींतून मूळ आकडा जवळपास सारखाच निघाला, तरच त्या किटवर विश्वास ठेवावा.

नमुना : सर्वांत जास्त नुकसान इथेच होते

तीन किलो वजनाच्या मांजराच्या अंगात साधारण १८० ते २०० मिलिलिटरच रक्त असते आणि या आजारांत मांजर अनेकदा पंडुरोगीही असते. दोन-तीन मिलिलिटर रक्तात सर्व चाचण्या बसवणे, ही अभ्यासाची आखणी करणाऱ्याची जबाबदारी आहे. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून, शांतपणे, शक्यतो मानेच्या शिरेतून रक्त घ्यावे. फार बारीक सुईने जोर लावून ओढले किंवा सुई न काढता सिरिंजमधले रक्त नळीत दाबून सोडले, तर तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम गुलाबी होते. गुलाबी सीरम हॅप्टोग्लोबिन या दाहात वाढणाऱ्या आणखी एका प्रथिनासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण ते प्रथिन मोकळ्या हिमोग्लोबिनलाच चिकटते आणि त्याची नेहमीची चाचणीही त्याच गुणावर बेतलेली आहे. सुई काढून, नळी तिरपी धरून, रक्त तिच्या भिंतीवरून सावकाश सोडावे. एफआयपीच्या मांजरांचे सीरम काविळीमुळे अनेकदा पिवळेही असते. रंगावर आधारलेल्या चाचणीत त्याचाही परिणाम होतो, म्हणून सीरमचा रंग प्रत्येक वेळी नोंदवावा.

लाल टोपणाची (सीरमसाठीची) आणि जांभळ्या टोपणाची (रक्त गोठू न देणारी, प्लाझ्मासाठीची) नळी आलटून-पालटून वापरणे टाळावे. प्लाझ्मामध्ये फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन शिल्लक असते. विजेच्या साहाय्याने प्रथिनांचे गट वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत त्याचा टोकदार उंचवटा बीटा आणि गॅमा भागांच्या मध्ये उमटतो आणि नवख्याला तो एकाच जातीच्या प्रतिपिंडाचा वाटतो. एफआयपीत सहसा गॅमा भाग रुंद, पसरट वाढलेला दिसतो. हा फरक नळीच्या घोळामुळे चुकला, तर निदानच भलतीकडे जाते.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना न विभागलेले, म्हणजे सीरम वेगळे न केलेले, रक्त तासन्‌तास टेबलावर राहिले, तर पेशी सायटोकाइन (पेशींमधले निरोप पोहोचवणारी प्रथिने) सोडत राहतात आणि मोजणीत आजाराऐवजी नळीतली घडामोड दिसते. रक्त गोठायला अर्धा ते एक तास द्यावा, लगेच सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे करावे, ते लहान लहान व्हायलमध्ये वाटून ठेवावे आणि मगच गोठवावे. न विभागलेले रक्त कधीही गोठवू नये. अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डबा पाठवायचा असेल, तर थर्माकोलच्या डब्यात आईस पॅक आणि व्हायल यांच्यामध्ये कागदाची जाड घडी ठेवावी, उरलेली पोकळी कागदाने गच्च भरावी आणि समोरचा माणूस सकाळी डबा उतरवून घेणार आहे, याची आधी खात्री करावी. शनिवारी पाठवलेला डबा सोमवारपर्यंत पडून राहतो.

घरगुती फ्रिजच्या फ्रीझरवर महिनोन्‌महिने विसंबू नये. बर्फ आपोआप वितळवणारे फ्रीझर ठरावीक वेळाने गरम होतात, त्यात वीज गेली की भर पडते. सायटोकाइनसाठी उणे ८० अंशांची सोय नसेल, तर ती मोजण्याचा हट्ट सोडून एसएए आणि एजीपीवर काम करावे. आटोपशीर आणि खात्रीचा अभ्यास मोठ्या पण डळमळीत अभ्यासापेक्षा मांजरांच्या अधिक उपयोगाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

एलायझा करताना

एलायझा म्हणजे प्लेटच्या खणांत प्रथिन रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची चाचणी. तिच्या माहितीपत्रकात ‘खोलीचे तापमान’ असे लिहिलेले असते, तेव्हा सहसा १८ ते २५ अंश अभिप्रेत असतात. मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ते ३५ च्याही वर जाते; रंग लवकर चढतो आणि प्लेटच्या कडेच्या खणांतले द्रव आटून त्यांचे आकडे मधल्या खणांपेक्षा वेगळे येतात. प्लेट झाकावी, तापमान लिहून ठेवावे, प्रत्येक प्लेटवर ज्ञात मात्रांच्या द्रावणांवरून नव्याने प्रमाण-आलेख काढावा. आलेखाच्या वर गेलेला नमुना अंदाजाने वाचू नये, विरल करून पुन्हा लावावा. खालच्या मर्यादेखाली आलेल्या मूल्याला शून्य म्हणू नये, ‘मर्यादेखाली’ असेच नोंदवावे.

आकड्यांचा अर्थ लावताना

वाढलेली प्रथिने दाह सांगतात, विषाणूचे नाव सांगत नाहीत. निरोगी मांजरात एजीपी साधारणपणे लिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आत असते आणि १.५ ग्रॅमच्या वर गेल्यास एफआयपीचा संशय बळावतो. तरीही पोटाच्या आवरणाचा जिवाणूजन्य दाह किंवा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असलेल्या मांजरांतही ते वाढते. एफआयपीच्या संशयात केली जाणारी पोटातील पाण्याची रिव्हाल्टा चाचणीही याच कारणाने फसवू शकते. रक्तातील अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या प्रथिनगटांचे गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल तर संशय दाट होतो आणि ०.८ च्या वर असेल तर तो बराच मावळतो. मधल्या पट्ट्यात एकट्या गुणोत्तरावर काही ठरवू नये.

म्हणूनच तुलनेसाठी फक्त निरोगी मांजरे घेणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. इतर कारणांनी दाह झालेल्या मांजरांचा गट नसेल, तर अभ्यास एवढेच सिद्ध करतो, की आजारी मांजर निरोगी मांजरापेक्षा वेगळे असते. ‘निरोगी’ गट निवडतानाही दक्षता हवी. नसबंदीनंतर काही तासांतच एसएए वाढू लागते, त्यामुळे सोयीचे म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रक्त घेतलेले मांजर या गटात बसत नाही. नुकतेच लसीकरण झालेले किंवा हिरड्या सुजलेले मांजरही नाही. एकाच घरातली पाच मांजरे ही पाच स्वतंत्र नोंदी नव्हेत, हे सांख्यिकीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

उपचारांची चौकशी मालकाकडे आपुलकीने करावी. एफआयपीवरचे विषाणूरोधक औषध जीएस-४४१५२४ सुरू असेल, तर एजीपी खाली येऊ लागते आणि तेच मांजर कागदावर सौम्य आजाराचे दिसते. हे औषध अनेक मालक स्वतःच मिळवतात आणि रागावले जाण्याच्या भीतीने सांगत नाहीत. त्यांच्यावर ठपका न ठेवता पहिल्या मात्रेची तारीख विचारावी, आणि नमुना घेतला तो उपचाराचा कितवा दिवस होता, हे व्हायलवरच लिहावे.