सॅनिटरी पॅड दान करताय? आधी एवढं करा

न्यू जर्सीत आम्ही मैत्रिणींनी पॅड जमवले आणि एकीने विचारलं, "कुणाला पुरळ उठलं तर दावा आपल्यावर?" अमेरिकेतला १९९६ चा बिल इमर्सन कायदा, म्हणजे दान करणाऱ्याला अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा, इथे आधार देतो. त्यात पॅडचं नाव नाही, पण वापरून टाकायच्या कागदी-प्लास्टिक वस्तू येतात. माल चांगल्या हेतूने, ना-नफा संस्थेमार्फत गरजूंपर्यंत जायला हवा. स्वतः दारोदार वाटू नका.

घोर निष्काळजीपणाला मात्र संरक्षण नाही. म्हणून मी प्रत्येक पाकीट उजेडात धरते. कडेची चिकटपट्टी सुटलेली, ओल लागून खोका फुगलेला, की बाजूला. उघडलेलं तर नाहीच नाही. टॅम्पॉनच्या (पाळीत आत घालायच्या बोळ्यांच्या) खोक्यावरची मुदतीची तारीख वाचा. शेवटी संस्थेकडून नग आणि तारीख लिहिलेली पावती मागून घ्या.